धुरीची उभी गाडी

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे दहा. रक्कम अठरा हजार चारशे. हजर: मी, म्हणजे सोसायटीचा खजिनदार, पहिल्या मजल्यावरचे श्रीयुत धुरी, चिंचपोकळीच्या पुलाखालचा बबन मेस्त्री, आणि वॉचमन पांडे, ज्याला कोणीही बोलावलं नव्हतं. अठरा हजार चारशे ही धुरीच्या गाडीच्या दुरुस्तीची रक्कम. ती थोडीथोडी करून बबनच्या खिशात जाऊन पोचली होती. गाडी मात्र सुरू होत नव्हती.

सेल्फ घेत होती. म्हणजे चावी फिरवली की आतून कुरकुर-कुरकुर आवाज यायचा, बॉनेट थरथरायचं, आता लागेल असं वाटायचं, आणि मग काही नाही. लग्नाच्या पंगतीत भाषणाला उभा राहिलेला मामा नुसता खाकरून खाली बसतो, त्यातला प्रकार.

"पकडत नाय," बबन म्हणाला.

"ते दिसतंय," मी म्हणालो.

"मूळ वेगळं आहे," धुरी म्हणाला.

धुरीची ओळख करून द्यायची तर इथूनच करून द्यायला हवी. परळच्या आमच्या सोसायटीत अठ्ठावीस बिऱ्हाडं आणि पार्किंगच्या जागा सात. त्यातली चार नंबरची धुरीकडे. त्या जागेत एक पांढरी गाडी वर्षानुवर्षं उभी. आणि धुरीला गाडी चालवता येत नाही. विसरलाय किंवा आता नजर साथ देत नाही, असं नव्हे. कधी येतच नव्हती. लायसन नाही, शिकाऊ लायसनसुद्धा नाही. वय अडुसष्ट, आता काढण्याचा इरादाही नाही.

तरीही रोज सकाळी सातच्या सुमाराला हा गृहस्थ लुंगी आणि बिनबाह्यांचा स्वेटर घालून खाली उतरतो आणि गाडीवरचं कव्हर काढतो. कव्हर म्हणजे कुठल्याशा वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. त्यावरच्या भावी नगरसेवकाचे जोडलेले हात बरोबर बॉनेटवर येतात, त्यामुळे गेटातून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला गाडी नमस्कार करते. फ्लेक्सची घडी झाली की धुरी आत बसतो, गाडी सुरू करतो, तीनदा रेस देतो, दोनदा हॉर्न मारतो. मग बाहेर येऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो आणि वर बघतो. दहा मिनिटांनी गाडी बंद. फ्लेक्स परत. नगरसेवकाचा नमस्कार परत. गाडी एक वीतसुद्धा हललेली नसते.

तळमजल्यावरच्या राणेवहिनींच्या स्वयंपाकघरात हा सगळा धूर जातो. "रोज सकाळी डास मारायची गाडी आल्यासारखं वाटतं," असं त्यांनी लेखी दिलं आहे. त्यावर धुरीचं उत्तर ठरलेलं: "वहिनी, धूर गाडीचा नाय. मूळ वेगळं आहे. तुमची खिडकी चुकीच्या दिशेला आहे."

हे 'मूळ वेगळं आहे' त्याचं पेटंट. टाकीत पाणी कमी आलं, मूळ वेगळं. सुरमई महागली, मूळ वेगळं. मॅच हरलो, मूळ वेगळं, टीम निवडतानाच घोळ झाला. एकदा आमचे चेअरमन लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकले. जाळीतून त्यांचे फक्त बूट दिसत होते. सगळे लिफ्टवाल्याला फोन करत असताना हा त्या बुटांना समजावत होता, "साहेब, लिफ्टला दोष देऊ नका. मूळ वेगळं आहे. तुम्ही ज्या मीटिंगला ही कंपनी निवडलीत त्या मीटिंगला कोरम नव्हता." कोरम होता. सह्या माझ्याकडे आहेत.

निवृत्तीपूर्वी धुरी लोअर परळला एका औषध कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. त्या जागी आता काचेची इमारत आहे, पण धुरीच्या डोक्यातलं गोदाम काही पाडलं गेलेलं नाही. जगातला प्रत्येक माणूस माल घेऊन बाहेर चाललाय असं समजून तो बघतो. कुरिअरवाल्याला विचारतो, "आत काय आहे?" पिशवी घेऊन जाणाऱ्या मोलकरणीला विचारतो, "कोणाकडून, कोणाकडे?" स्वतःच्या दाराला मात्र सदैव साखळी. मेंटेनन्सची पावती द्यायला गेलं तरी साखळीच्या फटीतून दोन बोटं बाहेर येतात, पावती घेतात आणि दार बंद होतं. इतक्या वर्षांत त्याच्या घरात मी पाऊल ठेवलं नव्हतं. घरात त्याचा थोरला भाऊ असतो आणि आजारी असतो, एवढंच बिल्डिंगला माहीत. दोघेही एकटे, बायकामुलं नाहीत. भावाची चौकशी केली की धुरी म्हणायचा, "बरा आहे." मग दार बंद.

गाडी चालवता येत नाही म्हणून गाडीबद्दल बोलणं बंद नाही. पार्किंगमध्ये कोणी गाडी मागे घेताना दिसला की हा पुढे. "डावीकडे तोड. अजून. क्लच हळू सोड. तुला शिकवलं कोणी?" गेटात गाडी वळवताना मला स्वतःला त्याने तीनदा पांडेच्या खुर्चीवर घातलंय. पण कोणी एखाद्या दिवशी विचारावं, "काका, जरा हिंदमातापर्यंत गाडी मिळेल का? आईला डॉक्टरकडे न्यायचंय," तर हा बॉनेटवर हात ठेवून सांगणार, "आज तिला विश्रांती आहे." महिन्यातून एकदा नाक्यावरचा ड्रायव्हर बोलावून तो गाडी पेट्रोल पंपावर पाठवतो. स्वतः मागच्या सीटवर ताठ बसतो. परत आल्यावर गाडीतून असा उतरतो, जणू शपथविधी आटोपून आलाय.

असो. आता ठराव. मागच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला की चालू स्थितीत नसलेलं वाहन पार्किंगच्या जागेत ठेवता येणार नाही. महिन्याची मुदत देऊन जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या सभासदाला दिली जाईल. प्रतीक्षायादीत पहिलं नाव माझं आहे. हे मी सभेत स्वतः सांगितलं, लपवलं नाही. ठराव धुरीविरुद्ध नव्हता, कारण तेव्हा धुरीची गाडी चालू होती. म्हणजे जागेवर चालू होती. पासिंग, विमा, सगळं चोख. नियमाने त्याला हात लावता येत नव्हता आणि मी लावलाही नसता.

मग उंदरांनी प्रश्न हाती घेतला. डिसेंबरच्या सुरुवातीला एके सकाळी धुरीने चावी फिरवली आणि टिक असासुद्धा आवाज आला नाही. बॉनेट उघडून बघितलं तर उंदरांनी वायरी खाल्लेल्या. बॅटरीच्या मागे छोटंसं घरटं, त्यात भावी नगरसेवकाच्या फ्लेक्सचे तुकडे अंथरलेले. राणेवहिनींनी त्या दिवशी शिरा केला. मी नियमाप्रमाणे नोटीस दिली. मुदत संपत होती ती जानेवारीतल्या ह्याच दुसऱ्या रविवारी.

बबन मेस्त्री आमच्याच कंपाउंडमध्ये येऊन काम करू लागला. माणूस वाईट नाही, पण त्याची एक पद्धत आहे. एक पार्ट बदलतो, गाडीकडे बघतो आणि म्हणतो, "आता लागणारच." पहिल्यांदा वायरी बदलल्या. सेल्फ आला. गाडी लागली नाही. मग बॅटरी बदलली. "आता लागणारच." मग प्लग, मग कॉइल, शेवटी टाकीतला पेट्रोलचा पंप. प्रत्येक वेळी धुरी जुना पार्ट मागून घ्यायचा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. साक्षात स्टोअर. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "हा प्लग बघा. काय वाईट आहे ह्याच्यात?"

"मग बदललात कशाला?" मी विचारलं.

"मेस्त्री म्हणाला म्हणून. पण मूळ वेगळं आहे."

आणि ह्या सगळ्या दिवसांत त्याच्यात एक फरक पडत गेला, तो मी पाहिला आणि त्याचा चुकीचा अर्थ लावला. तो चिडू लागला. बबन दुपारी आला तर म्हणायचा सकाळी का नाही आलास. सकाळी आला तर सातला का नाही आलास. एकदा तर त्याने बबनला हात जोडले. हलत नसलेली गाडी सुरू होत नाही म्हणून एवढी तडफड? मी बायकोला म्हणालो, "जागा जाईल म्हणून जीव जातोय त्याचा." बायको म्हणाली, "आणि जागा मिळेल म्हणून तुम्ही रोज दोनदा खाली जाऊन बघताय." मी विषय बदलला.

तर तो रविवार. मुदतीचा शेवटचा दिवस. मी पाहणीसाठी खाली आलो होतो. बबनने पुन्हा सेल्फ मारला. कुरकुर-कुरकुर. काही नाही.

"आता एकच राहिलं," बबन म्हणाला. "कॉम्प्युटर."

"कसला कॉम्प्युटर?"

"गाडीचा. मेंदू तिचा. जुना बघतो कुठे मिळाला तर. बारा-तेरा हजार धरून चला."

धुरीने खिशात हात घातला. खरंच घातला. मला राहवलं नाही. माणूस कोणी का असेना, हिशेब समोर चुकत असला की मला बघवत नाही.

"थांबा," मी म्हणालो. "बबन, वायरी बदलल्यावर सेल्फ आला. बरोबर? त्यानंतर जे जे बदललंस त्यातल्या एकाने तरी काही फरक पडला?"

"फरक म्हणजे... चेक तर करायला लागतं ना साहेब."

"सेल्फ मार परत. हा लाल दिवा कसला लुकलुकतोय?"

स्पीडच्या काट्याखाली एक बारीक लाल दिवा होता. त्यावर चावीचं चित्र. बबन सेल्फ मारत होता तोवर तो सारखा लुकलुकत होता.

"तो असाच जळतो," बबन म्हणाला.

"कधीपासून?"

"मी बघतोय तेव्हापासून."

"गाडीबरोबर पुस्तक मिळतं ते कुठाय?"

धुरीने समोरचा कप्पा उघडला. आत उदबत्तीचा पुडा, एक सुकलेलं लिंबू आणि पुस्तक, प्लॅस्टिकच्या मूळ पिशवीत, सील न फोडलेलं. महिनाभर गाडी खोलून बसलेल्या दोन माणसांनी ते उघडलं नव्हतं. ते मी फोडलं. दिव्यांचं पान शोधायला वेळ लागला नाही. त्यात सरळ लिहिलं होतं की हा दिवा लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही, आणि चावी ओळखली नाही तर सेल्फ येईल पण इंजिन लागणार नाही. चोरीपासून बचाव.

मी ते मराठीत वाचून दाखवलं. पांडे म्हणाला, "म्हणजे गाडी धुरीसाहेबांना चोर समजते." त्याला मी गेटवर पाठवलं.

बबन चावी उलटसुलट करून बघत होता. "चावीच्या मुठीत चिप असते साहेब. तांदळाच्या दाण्याएवढी, काळी. ही मूठ नवी दिसतेय. धुरीकाका, कव्हर बदललंत?"

"बदललं," धुरी म्हणाला.

"कधी?"

"तू काम सुरू केलंस तेव्हा."

"मला द्यायच्या आधी?"

"तुला देण्यासाठीच."

बबनने कपाळावर हात मारला. "काका, चावीचं पातं नव्या कव्हरात घातलंत आणि चिप जुन्यात राहिली. वायरी जोडल्या त्याच दिवशी ही गाडी लागली असती."

वायरींचे दोन हजार सहाशे. बाकी सगळे फुकट. मी मनात वजाबाकी केली आणि माझा तोल गेला. "धुरी, तुम्ही दुसऱ्यांच्या पिशव्या तपासता. जळलेला प्लग चिठ्ठी लावून ठेवता. आणि कामाची एकुलती एक वस्तू फेकून दिलीत?"

"फेकली नाय."

"मग आणा की खाली."

त्याने बबनच्या हातातून चावी घेतली आणि खिशात टाकली. 

"दुसरी चावी?"

"गावच्या विहिरीत पडली. मागे गणपतीला."

"मग जुनं कव्हर आणा. घरीच आहे ना?"

"आहे." तो वर्तमानपत्रावरच्या पार्टांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खजिनदार, वर चला. तुम्ही एकटे."

साखळी निघाली. आत दोन खोल्या, गोदामासारख्याच नीट. कंपाउंडकडच्या खिडकीशी खुर्ची आणि खुर्चीत थोरला धुरी. त्याला शेवटचं मी पाहिलं तेव्हा तो अंगापिंडाने बबनच्या दुप्पट होता. आता स्वेटरच्या आत माणूस शोधावा लागत होता. केस मात्र पाणी लावून चापून विंचरलेले. बाजूच्या स्टुलावर कपभर चहा, वर साय धरलेला, आणि दोन पाव, हात न लावलेले. उजवी मूठ मांडीवर, घट्ट मिटलेली.

"कोण? डॉक्टर इले?" त्याने विचारलं.

"येतत, दादा."

"गाडी लावलंस?"

"लावतंय."

"आवाज येणा नाय."

"थंडी आसा. येळ लागतलो. तू चाय पी."

"गाडी गरम झाल्याशिवाय चाय? खुळो काय तू?" दादाने खिडकीबाहेर तोंड केलं. आमच्याशी त्याचं काम संपलं.

धुरी मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि स्टॉक सांगावा तसं सांगितलं. दादा दादरच्या एका डॉक्टरांचा ड्रायव्हर. सगळी नोकरी एकाच दारात. सकाळी आधी गाडी गरम करायची, मग चहा घ्यायचा, मग डॉक्टरांना घ्यायला जायचं. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा गाडी दादाला दिली. पुढे दादाचं डोकं विसरायला लागलं. एक दिवस गाडी घेऊन गेला तो परत आला नाही. संध्याकाळी अँटॉप हिलला सापडला, एका बिल्डिंगखाली, इंजिन चालू ठेवून. डॉक्टर व्हिजिटला वर गेलेत म्हणून वाट बघत बसला होता. त्यानंतर धुरीने लायसन काढून घेतलं आणि गाडी चार नंबरात लावून टाकली.

"पण सात वाजले की उठून तयार. मी खाली जाऊन गाडी सुरू केली, हॉर्न मारला, की हा इथे म्हणणार, गाडी लागली. मग बसून चहा-पाव खाणार. दुपारी जेवणार. सगळं सुरळीत. गाडी बंद पडली तेव्हापासून खात नाय. डॉक्टर खोळंबलेत आणि तू माका जेवण देतंस, म्हणतो. भरवलं तर थुंकतो. निम्मा झाला तुमच्यादेखत."

"माझ्यादेखत कुठे? तुम्ही दार उघडलंत का कधी?"

"नाय उघडलं."

"आणि ते चावीचं काय?"

"बबनला चावी हवी होती. दादा सोडीना. आधी सातला गाडी लावायला तेवढी द्यायचा; गाडी बंद पडल्यापासून रात्रंदिवस हातात असते. तशीच दुसरी आणून दिली तर फेकली; त्याला आपल्या चावीची मूठ कळते. म्हणून त्याच्या हाताबाहेर दिसणारं पातं तेवढं ओढून काढलं, नव्या कव्हरात घातलं आणि जुनं कव्हर त्याच्याकडे ठेवलं. आत काय माल आहे ते मला काय ठाऊक?" जन्मभर माल मोजलेला माणूस. त्याला ते लागलं होतं, हे दिसत होतं.

"हे सगळं सभेत सांगायचं होतं. ठरावाच्या वेळी."

"काय सांगू? भाऊ भ्रमिष्ट झाला, म्हणून गाडी चालू ठेवतो? तुम्ही मिनिट्समध्ये लिहिलं असतंत."

लिहिलं असतं. सभेत सभासद जे बोलतो ते लिहावंच लागतं. मी त्याला तसं सांगितलंही.

आम्ही पुन्हा खिडकीपाशी आलो. धुरीने दादाच्या मुठीला हात लावला आणि लगेच काढला. मूठ अजून आवळली गेली होती, नखं पांढरी पडली होती.

मी खिडकीतून बबनला विचारलं, "चिप चावीतच असावी लागते की नुसती जवळ असली तरी चालतं?"

"जवळ असली तरी चालतं साहेब. पण एकदम जवळ पाहिजे, चावीच्या भोकाशी."

"मग ह्यांनाच खाली न्या," मी धुरीला म्हणालो.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी माल घेऊन बाहेर चाललोय. "सगळी बिल्डिंग बघेल."

"बघेल. राणेवहिनी पहिल्या बघतील. मग?"

लिफ्टमधून आम्ही दादाला खाली आणलं. कानटोपी घातली होती. गाडी दिसताच त्याने ती काढून भावाच्या हातात दिली आणि केसांवरून हात फिरवला. फ्लेक्सवरच्या नगरसेवकाकडे बघून म्हणाला, "ह्यो कोण?" ड्रायव्हरच्या सीटवर तो आपणहून बसला. चार महिन्यांच्या मुलाला धरावं तसा धुरी त्याला धरून होता, आणि दादाने एका झटक्यात तो हात बाजूला केला. 

मी चारही चाकांना विटा लावल्या. बबनने गिअर बघितला, हँडब्रेक बघितला. दादाची मूठ स्टिअरिंगवर आली, बरोबर चावीच्या शेजारी, जिथे ती इतकी वर्षं येत असणार. धुरीने उघड्या दारातून वाकून नव्या कव्हराची चावी भोकात घातली.

"थांब," दादा म्हणाला. त्याने आरशातून मागे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे. "साहेब, मागे बसा. उभे कित्याक?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. राणेवहिनीसुद्धा, खिडकीतून. मी बावन्न वर्षांचा माणूस आहे, सोसायटीचा खजिनदार आहे, आणि पाहणीसाठी आलो होतो. मी मागचं दार उघडलं आणि बसलो.

धुरीने चावी फिरवली. लाल दिवा एकदा पेटला आणि विझला. कुरकुर झालीच नाही. गाडी पहिल्या झटक्याला लागली.

बबन म्हणाला, "बघा, म्हटलं होतं लागणारच." एक हात हँडब्रेकवर घट्ट दाबून धुरी तसाच वाकलेला राहिला. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. दादा इंजिनाच्या आतली टकटक कान देऊन ऐकत होता.

"टॅपेट वाजतत," तो म्हणाला.

"दादा, नवीन प्लग टाकलेत," बबन दुखावून म्हणाला.

"प्लगचा काय सांगतंस माका? टॅपेट." मग आरशातून मला, "साहेब, आधी खंय? दवाखानो की व्हिजिट?"

मला खोटं बोलता येत नाही. जमतच नाही. बायको म्हणते हा स्वभावदोष आहे. "दवाखाना," मी म्हणालो. "पण उशिरा उघडायचाय आज."

"मगे घाई नाय," दादा म्हणाला. "इंजिन गरम होवंदे. मी चाय घेवन येतंय."

आणि तो उतरला. धुरीच्या खांद्यावर हात टाकून लिफ्टपर्यंत गेला. मी मागच्या सीटवर, बबन बॉनेटपाशी, आणि धूर सरळ राणेवहिनींच्या स्वयंपाकघरात. त्या खिडकी लावून घेताना दिसल्या. तक्रार मात्र आली नाही. दहा मिनिटांनी धुरी एकटाच खाली आला. मी विचारलं, "खाल्लं?"

"दोन्ही पाव. तिसरो मागता हा."

त्याच्याबद्दल माझं मत ह्याने फारसं बदललेलं नाही. माणूस आजही कुरिअरवाल्याला आत काय आहे ते विचारतो, आजही माझ्या गाडीच्या चाकाकडे बघून च्च करतो. त्याच दिवशी मी पाहणीच्या कागदावर लिहिलं, 'चार नंबरचे वाहन चालू स्थितीत आढळले', आणि सही केली. कारण ते चालू स्थितीत होतं. माझी गाडी बाहेर रस्त्यावर होती, ती तिथेच आहे.

निघताना बबनने एक सोपा उपाय सांगितला. दादा झोपला की जुनं कव्हर हळूच काढायचं, चिप काढून नव्यात टाकायची आणि रिकामं कव्हर परत हातात ठेवायचं. दोन मिनिटांचं काम, पैसे नकोत. मला तो उपाय सर्व दृष्टींनी योग्य वाटला.

धुरी म्हणाला, "लायसन मी काढून घेतलं. गाडी मी काढून घेतली. तेव्हा रडला होता. आता झोपेत हात घालू?"

दुसऱ्या दिवशी लालबागचा चावीवाला आपलं मशीन घेऊन आला. दादा पुन्हा स्टिअरिंगवर मूठ ठेवून बसला आणि जुन्या चिपवरून नवी बनवली गेली. चावीवाल्याने चार हजार आठशे सांगितले. मी म्हणालो, बाजारात एवढा भाव नाही, चार हजारांत होईल. धुरीने मला गप्प बसायची खूण केली, कारण दादा ऐकत होता आणि त्याच्या लेखी डॉक्टरसाहेब घासाघीस करत होते, आणि चार हजार आठशे चावीवाल्याच्या हातात दिले.